वरवंडच्या पलीकडची जुनी धावपट्टी आणि आठ नंबरचा दगड

रजेचा अर्ज घेऊन गेलो तर साइटवरच्या साहेबांनी विचारलं, घरी कोण आजारी आहे. मी म्हटलं, कोणी नाही, गावाकडं दगड मोजायचेत. त्यांनी माझ्याकडं दोनदा बघितलं आणि सही केली. दहा दिवसांची रजा मिळाली. त्यातले सहा तर जाण्यायेण्यातच जाणार होते.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी दौंड तालुक्यातला. शाळा नववीत सुटली. मग हे कर, ते कर करत आता आसामात रोलर चालवतो. इथं एका जुन्या विमानतळाची पट्टी नव्यानं करायचं काम चालू आहे. ही पट्टी दुसऱ्या महायुद्धातली, इंग्रजांची. खोदाईत पट्टीच्या कडेनं रोवलेले दगड निघाले, वर आकडे कोरलेले. एक, दोन, तीन. बघून मला गावाकडचंच कुणी भेटल्यासारखं झालं, कारण आमच्या माळावरही अशीच पट्टी आहे आणि असेच दगड आहेत. मोजणीवाले बोरा काका शेजारी उभे होते. मी त्यांना म्हटलं, शंभर शंभर मीटरवर लावलेत बघा. ते हसले.

"अरे अंग्रेज के पास मीटर कहाँ था? ये सब गज है, गज."

गज म्हणजे आपल्याकडचा वार. मीटरपेक्षा आखूड.

दुपारी जेवताना एकदम ध्यानात आलं. आमच्या माळावर त्या दगडांवरूनच भरतीची पोरंपोरी पळतात. शून्याच्या दगडापासून आठच्या दगडापर्यंत मुलींचे आठशे मीटर, सोळाच्या दगडापर्यंत मुलांचे सोळाशे. मी पळालो तिथं. आता माझी बहीण प्रज्ञा पळते. तिचं पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, तीन आठवड्यांवर होतं. मागच्या भरतीत ती ग्राउंडवरच मागं पडली होती, आणि यावेळी नाही झालं तर लग्नाचं बघायचं असं घरात ठरलं होतं.

तिला फोन करून सांगितलं. प्रज्ञा म्हणाली, "दादा, तू आता नको सुरू करू. फौजी मामा म्हणत्यात टाइम एक नंबर चाललाय." फौजी मामा म्हणजे आमच्या गावचे रिटायर हवालदार. सगळ्या पोरांची प्रॅक्टिस तेच घेतात, एक पैसा न घेता. त्यांना फोन लावला तर म्हणाले, "दगड मिलिट्रीनं लावलेत. तू रोलर चालीव." आणि ठेवला.

म्हणून निघालो. बोरा काकांकडून पन्नास मीटरचा टेप मागून घेतला.

दिवस पहिला ते तिसरा

गुवाहाटीवरून मुंबईची गाडी पकडायची आणि मनमाडला उतरायचं. मनमाडवरून अहिल्यानगरमार्गे दौंड. थेट पुण्याचं तिकीट मिळालं तर बघा, मला मिळालं नाही. स्लीपरमध्ये वरचा बर्थ घ्या, दिवसा खाली बसायला कुणीही सरकून जागा देतं. बिहारमध्ये लिट्टी खाल्ली, भुसावळला केळी घेतली. टेप उशाला होता. समोरच्या बर्थवरच्या माणसानं विचारलं, भैया सर्वेयर हो? मी हो म्हटलं. एवढी इज्जत मला रोलरवर कुणी दिली नव्हती.

दौंडला उतरलो की बाहेर पाटसकडं जाणाऱ्या जीपा लागलेल्या असतात. एसटीची वाट बघू नका. पाटसला उतरून वरवंड, तिथून आत आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, गाव लहान आहे आणि पुढं जे लिहिलंय त्यात माणसं खरी आहेत. वरवंडच्या चौकात विमानाची पट्टी कुठं म्हणून विचारलं तर कुणीही सांगेल. उसाच्या ट्रॉल्यांचे दिवस आहेत, मोटारसायकलवर असाल तर ट्रॉलीच्या मागं मागं राहू नका, ऊस गळतो.

घरी पोचलो तर आई म्हणाली, "वाळलास." मग टेप दिसला. "ह्यो काय?"

मी सगळं सांगितलं. आई चुलीपुढं पीठ मळत होती, ती थांबली.

"वार म्हंजी लुगड्याचा वार?"

"तोच."

"मग मीटर मोठा आसतोय की. दुकानात नऊ वार मागितलं तर सव्वाआठ मीटर फाडत्यात." तिनं पुन्हा मळायला घेतलं. "पण पोरीला आत्ता सांगू नको. तीन आठवडं राहिल्यात. डोक्यात किडा शिरंल तिच्या."

प्रज्ञा दारातच उभी होती. "शिरला," ती म्हणाली.

दिवस चौथा : धावपट्टी

आता जागेबद्दल, कारण तुमच्यातले काही तिच्यासाठीच जातील.

गावाच्या उत्तरेला माळ चढला की एकदम सपाट लागतं. दोन्ही बाजूला शेतं, कांदे, मध्येच झेंडूचा एखादा पट्टा, आणि मधून ही सरळ पट्टी. डांबर बरंचसं गेलंय, खालची खडी वर आलीय, पण माझ्या रोलरवाल्या डोळ्यानं सांगतो, बेस अजून खचलेला नाही. आजकालचे रस्ते दोन पावसाळ्यांत बसतात. पट्टीवर लोक कांदा वाळवतात. आजूबाजूच्या गावांतली माणसं इथं मोटारसायकल शिकतात, मीपण इथंच शिकलो. पूर्वेच्या टोकाला छप्पर नसलेली एक खोली आहे, कडबा ठेवायला कामाला येते. बोर्ड कुठंच नाही. चहा नाही, पाणी नाही, बरोबर न्या.

इतिहासाचा कागद मी पाहिलेला नाही. गावात सगळ्यात म्हातारे किसन आबा आहेत. ते आमच्याच वस्तीतले, विहाराच्या शेजारी राहतात. प्रज्ञाला घेऊन त्यांच्याकडं जाऊन बसलो.

"जय भीम आबा."

"जय भीम. कोण रं तू?"

ओळख सांगितली. मग पट्टीचं विचारलं. आबा म्हणाले की लढाई लागली तवा सरकारनं माळ घेतला. माळ म्हणजे गायरान होतं आणि काही आपल्या लोकांच्या वतनाचे तुकडे होते. विचारलं कुणालाच नाही. मग त्याच माळावर त्याच लोकांना खडी फोडायला लावलं. आसपासच्या गावांतून माणसं यायची. बायका पाट्या वाहायच्या. दगडी रूळ असायचा, तो ओढायला बैल कमी पडले की माणसं जुंपायचे.

"तुम्ही पाहिलं आबा?"

"मी आईच्या पाठीला. माझ्या बापानं मोजणीची साखळी धरली. गोरा साहेब ह्या टोकाला, बाप त्या टोकाला. बाप सांगायचा, शंभर वार झालं की साहेब हात वर करायचा, की तिथं दगड."

मी आणि प्रज्ञानं एकमेकांकडं बघितलं. मी पुन्हा विचारलं. "वार? नक्की वार?"

"मग काय मीटर? मीटर कवा आला आपल्याकडं? मी बाप्या झाल्यावर."

"मग आबा, इतकी वर्षं पोरं पळत्यात, कुणाला बोलला न्हाईत?"

"कुणी इच्यारलं?" आबांनी चष्मा पुसला. "मला वाटायचं पोरं वारातच पळत्यात."

विमानं किती आली, ते आबांना नीट सांगता येत नाही. बापानं सांगितलेलं एवढंच, की सरावाला यायची, उतरायची, पुन्हा उडायची, आणि लढाई काही इथपर्यंत आली नाही. मग ती संपली, गोरे गेले, पत्र्यांचा लिलाव झाला. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी ज्या पाइपावर होती तो पाइप वस्तीतल्या लोकांनी उचलून आणला. आज विहारापुढं पंचशील ध्वज लागतो तो त्याच पाइपावर. तुम्ही गेलात तर बघा. खालच्या अंगाला इंग्रजी आकडे आहेत, रंगाखाली गेलेत, पण बोट फिरवलं की कळतात. जमीन मात्र परत आली नाही. अजून सरकारच्याच नावावर आहे.

संध्याकाळी चारला पट्टीवर गेलो. शून्याच्या दगडाशी मी बसलो, प्रज्ञा टेपचं टोक घेऊन चालत गेली. पन्नासला खूण केली, पुन्हा धरला. एकचा दगड आला तेव्हा टेपवर एक्क्याण्णव मीटर आणि वर एक हात.

"परत धर," ती म्हणाली.

परत धरला. तेवढंच. मग दोनपर्यंत, मग तीनपर्यंत. दोन-चार बोटं इकडं तिकडं, बाकी तेच. आठच्या दगडाशी पोचलो तेव्हा सातशे एकतीस आणि थोडं. म्हणजे जवळजवळ सत्तर मीटर कमी. सोळाला गेलो असतो तर त्याच्या दुप्पट.

प्रज्ञा आठच्या दगडावर बसली. मग म्हणाली, "ॲपवर हेच दाखवत होतं. सातशे तीस. फौजी मामा म्हणायचे, मोबाईल चायनाचा, दगड मिलिट्रीचा."

मी हसलो, पण ती हसली नाही.

तुम्हाला वाटेल की एवढ्या पोरांपैकी कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही. त्याचं असं आहे. माळावर टाइम चांगला यायचा आणि ग्राउंडवर गेलं की पडायचा. गावात सगळ्यांना हे माहीत होतं. कारण पण माहीत होतं, की आपली पोरं माणसं बघून घाबरतात. शेजारच्या गावांत आम्हाला विमानवाले म्हणतात. "काय रं, तुमची विमानं माळावरच उडत्यात व्हय?" जी पोरं शिरूरला किंवा बारामतीला अकॅडमीत गेली ती निघाली, मग लोक म्हणायचे अकॅडमीत भीती घालवतात. दगडाकडं कुणी बघितलंच नाही. दगड आधीपासून होता ना.

मीही घाबरणाऱ्यातलाच. आठवी पासवर सैन्यात जागा निघतात, त्यासाठी मी आणि माझा मित्र संदीप दोन वर्षं पळालो. माळावर माझा टाइम पाच मिनिटं दहा सेकंद. भरतीला मी शेवटच्या वळणावर असतानाच वेळ संपली म्हणून समोर दोरी आडवी धरली. अजून पाय चालत होते आणि दोरी आली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. पप्पा म्हणाले, याच्यात दमच नाही. मी पण तेच धरून चाललो. त्यानंतर मी गावात टिकलो नाही.

दिवस पाचवा

सकाळी सहाला माळावर पंधरा-वीस पोरंपोरी होती. फौजी मामा शिट्टी गळ्यात घालून शून्याच्या दगडाशी उभे. ताठ, मफलर, हातात घड्याळ. मी टेप दाखवला आणि आबांनी सांगितलेलं सांगितलं.

"किसन आबाला काल काय जेवला ते आठवत न्हाई," मामा म्हणाले.

"मामा, टेप धरून बघा की."

"तीन आठवड्यावर ग्राउंड आलंय आन् तू पोरांच्या डोक्यात घोळ घालतोस? तुला जमलं न्हाई म्हून दगडावर ढकलतोस व्हय?"

सगळे ऐकत होते. मला बोलायचं होतं बरंच. पण प्रज्ञा पुढं झाली.

"मामा, मी आठच्या पुढं सत्तर मीटर पळते. तुम्ही फक्त टाइम घ्या."

"कशाला?"

"मागच्या टायमाला ग्राउंडवर जो टाइम आला, त्योच येतो का बघायचाय."

मामांनी शिट्टी वाजवली. ती पळाली. मी टेपनं मोजून पुढं चपला ठेवून खूण केली होती. ती आठच्या दगडापाशी आली तेव्हा तिथं नेहमी थांबणारं अंग आपोआप सैल पडलं, मला लांबून दिसलं. मग तिनं ते पुन्हा ओढून धरलं आणि चपलांपर्यंत आली. मामांनी घड्याळ बघितलं.

"किती?" ती धापा टाकत होती.

मामांनी घड्याळच तिच्या हातात दिलं. मागच्या भरतीतला तिचा टाइम आणि हा, यांत दीड सेकंदाचा फरक होता.

मामा म्हणाले, आज प्रॅक्टिस बंद. पोरं गेली. मामा एकटेच पट्टीवर चालायला लागले, लांब टांगा टाकत, मोजत. मी मागून जाणार होतो, प्रज्ञानं हात धरला. "राहू दे त्यांना."

दिवस सहावा : भीमेच्या पलीकडं

संदीपला सांगायचं होतं. तो रांजणगावच्या एका कंपनीत आहे, राहतो कारेगावात. मोटारसायकलनं चौफुला, केडगाव, पारगाव, मग भीमेचा पूल ओलांडून न्हावरा, तिथून वर. रस्ता बरा आहे, पारगावच्या अलीकडं थोडा उखडलाय. चौफुल्याला मिसळ खाऊन घ्या, पुढं भरवसा नाही. पुलावर थांबलात तर उजवीकडं पाणी आणि बगळे, फोटोला चांगलं.

कारेगावात शिरलं की मराठी कमी आणि बाकी सगळं जास्त ऐकू येतं. एका खोलीत चार-चार जणं, बाहेर दोरीवर कंपनीचे शर्ट. संदीप सेकंड शिफ्टला जाणार होता. कोपऱ्यावर मोमोची गाडी होती, गाडीवाला म्हणाला आसामचा आहे. मी त्याच्याच जिल्ह्याच्या शेजारी राहतो म्हटल्यावर त्यानं दोन मोमो जास्त घातले.

खाता खाता संदीपला सांगितलं. तो आधी खूप हसला. "म्हंजी आपण वारात पळालो आन् त्यांनी मीटरात मोजलं?" पुन्हा हसला. मग प्लेट ठेवली.

"मला कशाला सांगितलंस रं?"

मी मोमो चटणीत बुडवत राहिलो.

"वय गेलं आपलं. आता हे घिऊन मी काय करू? कंपनीत जाऊन सांगू, मी घाबरलो नव्हतो म्हून?"

"मला वाटलं तुला बरं वाटंल."

"तुला वाटलं का?"

मी विचार केला. "थोडं," म्हटलं.

त्यानं उरलेले मोमो संपवले, तोवर कंपनीची बस लागली. बसमध्ये चढताना वळून म्हणाला, "पप्पांना सांगितलंस का तुझ्या?"

नव्हतं सांगितलं. त्याच संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं. पप्पांनी ऐकून घेतलं, टेप हातात घेतला, उलगडून बघितला, गुंडाळला. "ह्यो परत द्यायचाय का?" विचारलं. मी हो म्हटलं. "मग नीट ठिव, दुमडू नको." बास. सकाळी उठलो तर टेप धुऊन, पुसून पिशवीत घातलेला होता.

दिवस सातवा, आणि परत

जायच्या सकाळी शेवटचं माळावर गेलो. आठच्या दगडापुढं आडवी पांढरी रेष होती, चुन्याची. सोळाच्या पुढंही एक. फौजी मामांनी रेषेच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या होत्या. ते नेहमीसारखे शून्याशी उभे होते.

"तुझा टेप खात्रीचा हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"साइटवरचाच हाय मामा."

"मी दोरीनं पण केलं. जमतंय." मग पोरांकडं बघत म्हणाले, "बारा वर्षं प्रॅक्टिस घेतोय मी हिथं."

एवढंच. माझ्याकडं बघितलं नाही. शिट्टी वाजवली, पोरं सुटली. रेषेपर्यंत येताना सगळ्यांचीच हालत खराब होती. एकानं तर दगडाला शिवी दिली. मामांनी त्याला दगडाला नमस्कार करायला लावला आणि पुन्हा पळवलं.

परतीचा प्रवास जातानासारखाच, फक्त मनमाडला गाडी पाच तास लेट. पोचलो, टेप बोरा काकांना दिला. त्यांनी विचारलं, "गज निकला?" मी म्हटलं, गज निकला.

दोन आठवड्यांनी प्रज्ञाचा मेसेज आला. ग्राउंड झालं होतं. माळावरचा शेवटचा टाइम आणि ग्राउंडवरचा टाइम तिनं खाली-वर लिहून पाठवले होते. दोन्ही जवळजवळ सारखे. फुल मार्क नाहीत, पण मागच्यापेक्षा चांगले. लेखी अजून व्हायची आहे, यादी कधी लागेल कुणास ठाऊक. खाली लिहिलं होतं, घाबरले नव्हते दादा. तिनं ते स्वतःबद्दल लिहिलं की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही. संदीपला तो मेसेज पुढं पाठवला. त्यानं वाचला, उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी विचारलं, प्रज्ञाला चांगले बूट हवेत का, कंपनीच्या गेटवर स्वस्त मिळतात.

इथं आमच्या साइटवर जुने दगड उपटून ढिगाला टाकलेत, नवीन पट्टीला नवीन खुणा लागणार. मी रोलर घेऊन त्या ढिगाच्या बाजूनं रोज जातो. आता आकडा दिसला की मनातल्या मनात मीटर करतो, सवय लागली.

तुम्ही आमच्या माळावर गेलात तर दुपारी जा, नाहीतर सकाळी आठच्या नंतर. त्याच्या आधी पट्टी पोरांची असते. दगडावर बसून फोटो काढा, कुणी काही म्हणणार नाही. पण आठच्या पुढं चुन्याची रेष दिसली की तिच्यावरून गाडी घालू नका. दवानं आणि कांद्याच्या ट्रॅक्टरनं ती पुसते, आणि फौजी मामांना ती रोज पहाटे नव्यानं मारावी लागते.